तुइना : स्नायूंच्या आणि सांध्यांच्या दुखण्यावरील चिनी मसाज पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

चीनमधील पारंपरिक वैद्यकाच्या मोठ्या रुग्णालयांत अक्युपंक्चरच्या आणि काढ्यांच्या विभागांच्या जोडीला तुइनाचाही विभाग असतो. मान धरलेले, कमरेत उसण भरलेले, खांदा आखडलेले रुग्ण केसपेपर काढून तेथे बसतात आणि पांढऱ्या कोटातील वैद्य त्यांना तपासून केवळ हातांनी उपचार करतात. मॉलमधली पायांच्या मसाजची खुर्ची किंवा पर्यटनस्थळी मिळणारा तासाभराचा मसाज यांचे तुइनाशी नाते आहे, पण ते दूरचे. हा लेख दुखण्यासाठी तुइना घ्यावा की नाही, घ्यायचा तर कोणाकडून आणि कसा, आणि त्यातले काय घरी स्वतःचे स्वतः करता येते, एवढ्यापुरता आहे.

अंग दाबून आणि चोळून उपचार करण्याचा उल्लेख चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’मध्ये, ‘आनमो’ या नावाने येतो. थांग राजवटीत दरबारी वैद्यकीय संस्थेत हे शास्त्र शिकवणारे अध्यापक नेमलेले होते, आणि ‘तुइना’ हे नाव मिंग काळात, प्रथम लहान मुलांच्या उपचारांच्या संदर्भात, रूढ झाले. आज आपल्याला दिसतो तो तुइना मात्र बराच आधुनिक आहे. १९५६ मध्ये शांघायमध्ये त्याचे औपचारिक प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे तो वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात स्थिरावला. स्नायूंच्या दुखण्यावर सर्वाधिक वापरला जाणारा ‘गुन फा’ हा प्रकारही जुना नाही. यांगचौच्या एका मसाज घराण्यातील दिंग जिफेंग यांनी तो १९४०च्या दशकात शांघायमध्ये बसवला.

गुन फा नीट पाहिला तर या पद्धतीचे मर्म कळते. उपचार करणारा हाताची सैल मूठ करतो, करंगळीच्या बाजूची कड दुखऱ्या स्नायूवर टेकवतो आणि मनगट वाकवत हाताची मागची बाजू साधारण अर्ध्यापर्यंत स्नायूवर लोळवून परत आणतो. हात त्वचेवर घासत नाही, सरकत नाही. तो तिथल्या तिथे लोळतो, मिनिटाला १२० ते १६० वेळा, आणि तेही दहा-दहा मिनिटे न थांबता. जोर खांद्यातून आणि कोपरातून येतो, मनगट ढिले असते. विद्यार्थ्यांना माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी कितीतरी दिवस तांदळाच्या किंवा वाळूच्या पिशवीवर हाच सराव करावा लागतो. चिनी पाठ्यपुस्तकांत चांगल्या हाताची लक्षणे ठरलेली आहेत : दीर्घकाळ टिकणारा, बळ असलेला, एकसारखा आणि मऊ, हे चार गुण जमले की पाचवा, म्हणजे खोलवर पोहोचणे, आपोआप येतो. या यादीत ‘दुखवणारा’ हा शब्द कुठेच नाही. आपल्याकडे मात्र ‘चांगले रगडून द्या’ असे सांगण्याची सवय असल्याने नवखा माणूस जितके जास्त दुखेल तितका गुण जास्त, असे धरून चालतो आणि तिथेच फसतो.

आधी दुखणे कोणते ते ठरवा

दिवसभर संगणकासमोर बसून आखडलेली मान आणि खांदे, झोपेत अवघडलेली मान, ओझे उचलताना किंवा वाकताना भरलेली उसण, व्यायामानंतर जड झालेल्या मांड्या आणि पोटऱ्या, गुडघ्याची झीज झाल्याने भोवतालचे स्नायू ताठरणे, आणि हळूहळू आखडत गेलेला खांदा या दुखण्यांसाठी तुइना करून पाहण्यासारखा आहे. तो काय करतो याचे चिनी स्पष्टीकरण ‘छी’चा, म्हणजे शरीरात वाहते असे मानलेल्या प्राणशक्तीचा, अडलेला प्रवाह मोकळा करणे असे आहे. या प्रवाहाचे मार्ग शवविच्छेदनात किंवा यंत्रांच्या तपासणीत सापडलेले नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याऐवजी आधुनिक शरीरशास्त्राकडे पाहिले तर आकडलेला स्नायू सैल होतो, आणि दाबाच्या व स्पर्शाच्या संवेदनांमुळे वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच काहीसे अडवले जातात, असे म्हणता येते. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त तो हाच. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये कंबरदुखीसाठी ज्या सूचना दिल्या, त्यांत नव्याने सुरू झालेल्या दुखण्याला औषधांच्या आधी शेक, मसाज, अक्युपंक्चर अशा उपायांचा विचार करावा असे म्हटले आहे, मात्र मसाजविषयीचा पुरावा कमकुवत असल्याची नोंदही तिथेच आहे. थोडक्यात, काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा आराम ही रास्त अपेक्षा होय. झिजलेली कूर्चा परत येणे किंवा सरकलेली चकती ‘जागेवर बसणे’ असे कोणी सांगत असेल, तर तिथून उठावे.

आता ज्यांनी तुइना घेऊच नये किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यांच्याविषयी थोडे सविस्तर, कारण लोक नेमका हाच भाग वगळून पुढे जातात. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे, तापासह येणारी पाठदुखी, रात्री झोपेतून उठवणारे आणि विश्रांतीनेही न हटणारे दुखणे, वजन घटत असताना होणारी कंबरदुखी, पूर्वी कर्करोग झालेला असणे या सगळ्यांत आधी तपासणी हवी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो आणि त्याची सुरुवात बहुधा साध्या पाठदुखीनेच होते, त्यामुळे कित्येक महिने रेंगाळलेल्या पाठदुखीवर परस्पर मसाज घेत राहणे धोक्याचे आहे. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेभोवतीचा भाग बधिर होणे किंवा पायातली ताकद कमी होणे यांपैकी काहीही झाले, तर मसाजचा विचार सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि दुखणे असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, हाडे ठिसूळ झालेले आणि गरोदर स्त्रिया यांनी हे आधी सांगितलेच पाहिजे. मुरगळलेला घोटा पहिले दोन दिवस अजिबात चोळू नये; तोवर बर्फाचा शेक आणि विश्रांती पुरे. संधिवाताने सांधा लाल, गरम आणि सुजलेला असेल तोवरही हात लावू देऊ नये.

कोणाकडे जावे

चीनमध्ये राहणाऱ्यांनी, म्हणजे तिथे वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्या किंवा व्यापारानिमित्त ये-जा करणाऱ्या मराठी मंडळींनी, पहिल्यांदा रुग्णालयातील तुइना विभागातच जावे. तिथे तपासणी होते, गरज पडली तर क्ष-किरण काढता येतो आणि बैठक साधारण वीस ते तीस मिनिटांची असते. दुसरा चांगला पर्याय म्हणजे दृष्टिहीन व्यक्तींनी चालवलेली मसाज केंद्रे. चीनमध्ये दृष्टिहीनांना या कामाचे पद्धतशीर शिक्षण देण्याची व्यवस्था आहे आणि शहरांच्या गल्लीबोळांत ‘मांगरेन आनमो’च्या, म्हणजे ‘दृष्टिहीनांचा मसाज’ अशा, पाट्या दिसतात. बोटांनी स्नायूतील गाठ शोधण्यात यांतले अनेक जण वाकबगार असतात.

चीनबाहेर चित्र वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून चिनी वैद्यकाच्या उपचारकांची राष्ट्रीय नोंदणी होते आणि नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, पण ही नोंदणी अक्युपंक्चर आणि वनौषधींसाठी असल्याने केवळ मसाज करणारा तिच्यात असेलच असे नाही. महाराष्ट्रात अक्युपंक्चरसाठी कायदा आणि परिषद आहे, परंतु त्या नोंदणीवरून तुइनाचा हात तयार आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून नोंदणीखेरीज तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शिक्षण कुठे आणि किती काळ झाले याचे सरळ उत्तर मिळते का. दुसरी, हात लावण्याआधी तो तुम्हाला प्रश्न विचारतो का, मान किंवा खांदा स्वतः हलवायला सांगून पाहतो का. तिसरी, पहिल्याच भेटीत दहा बैठकांचे पॅकेज गळ्यात मारतो का. दहा बैठकांचा एक उपचारक्रम धरण्याची प्रथा चीनमध्येही आहे, पण पहिल्या बैठकीचा परिणाम पाहण्याआधी सगळे पैसे भरण्याचे कारण नाही.

बैठकीच्या दिवशी

जेवणानंतर किमान तासभर जाऊ द्यावा. अगदी उपाशीपोटीही जाऊ नये, कारण दाबाने चक्कर येऊ शकते. मद्य घेतलेले असेल तर त्या दिवशी बैठक टाळावी. कपडे सुती आणि सैल असावेत. केरळी तेल-मालिशीची सवय असणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण तुइना बहुतांशी कपड्यांवरूनच होतो. अंगावर एक पातळ सुती कापड पसरतात आणि त्यावरून हात चालतो. तेल, आल्याचा रस किंवा मेंथॉलचे मलम फक्त ‘त्सा फा’साठी, म्हणजे त्वचा गरम होईपर्यंत तळहाताने जलद घासण्यासाठी, लागते. विंटरग्रीनचे मलम वापरणार असतील तर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांनी नकार द्यावा, कारण त्यातील मिथाइल सॅलिसिलेट त्वचेतून शोषले जाऊन त्या गोळीचा परिणाम वाढवते.

बैठकीचा क्रम साधारण ठरलेला असतो. सुरुवातीला तळहाताने हलके दाबत संपूर्ण भाग सैल केला जातो, मग गुन फा आणि अंगठ्याने मळणे, त्यानंतर स्नायू चिमटीत धरून उचलणे आणि दुखऱ्या बिंदूंवर स्थिर दाब, शेवटी सांधा गोलाकार फिरवणे, हात किंवा पाय धरून हलवणे आणि थोपटणे. या क्रमातला पहिला भाग घाईने उरकणारा माणूस चांगला नव्हे. थंड, ताठ स्नायूवर एकदम अंगठा रुतवला की स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी आणखी ताठ होतो आणि पुढची सगळी मेहनत त्या ताठरपणाशी झगडण्यात जाते. कणीक तिंबतानाही पाणी मुरू दिल्याशिवाय ती सैल होत नाही, तसेच हे आहे.

दाब किती असावा, हे ठरवण्याचा अधिकार पालथ्या पडलेल्या माणसाचा आहे. शून्य ते दहा अशा मापात पाच-सहापर्यंतचे दुखणे ठीक. श्वास अडकू लागला, मुठी वळल्या किंवा दात आवळले गेले की दाब जास्त झाला असे समजावे. चिनी वैद्य तीन संवेदनांची वाट पाहतात : आंबल्यासारखे वाटणे, किंचित बधिरता आणि फुगल्यासारखा जडपणा. ‘दुखते आहे पण बरे वाटते आहे’ असे आपण म्हणतो, ते हेच. याउलट विजेसारखी कळ पायात किंवा हातात उतरली, मुंग्या पसरत गेल्या किंवा टोचल्यासारखे तीक्ष्ण दुखले, तर ते मज्जातंतूवर आल्याचे लक्षण असून लगेच थांबवावे. चीनमध्ये असाल तर ‘छिंग इ-द्येन’ म्हणजे ‘जरा हलके’ आणि ‘थंग’ म्हणजे ‘दुखते’ एवढे दोन शब्द पाठ करावेत. भीड धरून गप्प राहिलात तर समोरचा दाब योग्यच आहे असे समजतो.

मान कडकन मोडू देऊ नये. तुइनामध्ये ‘बान फा’ नावाचे झटक्याने सांधा फिरवण्याचे प्रकार आहेत आणि प्रशिक्षित वैद्य ते निवडक रुग्णांवर करतात. परंतु मानेला झटका बसल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर पडून पक्षाघात झाल्याची प्रकरणे वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि आवाज आला म्हणजे गुण आला असेही नसते. जुना आमवात असलेल्यांच्या मानेतील वरचे दोन मणके सैल झालेले असू शकतात, त्यांच्यासाठी तर हा प्रकार पूर्ण वर्ज्य आहे. दाढी-कटिंगनंतर खुर्चीतच मान मोडून देणाऱ्यांनाही हाच नियम लावावा.

बैठक संपल्यावर दुखऱ्या भागात ऊब जाणवते आणि पुढचे एक-दोन दिवस किंचित ठणका राहू शकतो. तो तिसऱ्या दिवशीही असेल किंवा काळेनिळे डाग उमटले असतील, तर दाब जास्त झाला होता, आणि पुढच्या वेळी तसे सांगावे. कपिंग (त्वचेवर पेले लावून ती ओढून धरणे) किंवा गुआशा (बोथट कडेने त्वचा खरवडणे) केले असेल तर गडद खुणा राहतात आणि त्या आठवडाभरात जातात. या दोन्ही गोष्टी मसाजच्या ओघात विचारल्याशिवाय करू देऊ नयेत. भरपूर पाणी प्यायल्याने ‘विषद्रव्ये बाहेर पडतात’ असे हमखास सांगितले जाते, त्याला आधार नाही. तहान लागली तर पाणी प्यावे. आठवड्यात दोन बैठका पुरतात. मान वळवून मागे किती दिसते, हात पाठीमागे कुठवर पोहोचतो, किती वेळ बसल्यावर कंबर दुखू लागते, अशी एखादी मोजता येणारी गोष्ट बैठकीआधी लिहून ठेवावी आणि तीन-चार बैठकांनंतर पुन्हा पाहावी. तिच्यात काहीच फरक नसेल तर पाचवी बैठक न घेता अस्थिरोगतज्ज्ञांकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे जावे.

घरी करता येण्यासारखे

दाब देण्याच्या ठरावीक जागा, म्हणजे बिंदू, शोधण्यासाठी चिनी वैद्य रुग्णाच्याच हाताचे माप वापरतात. अंगठ्याच्या सांध्यापाशी जितकी रुंदी असते तो एक ‘त्सुन’, आणि चार बोटे जुळवून ठेवली की तीन त्सुन. मोजणारा हात आणि मोजले जाणारे अंग एकाच माणसाचे असावे लागते. थोडे इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. आसपास दाबून जिथे सर्वांत जास्त हुळहुळे लागते तीच जागा घ्यावी. अशा दुखऱ्या जागांना स्वतंत्र बिंदू मानण्याची रीत सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ यांच्या ग्रंथांतही आढळते.

मान आणि खांद्यासाठी पाठ टेकून खुर्चीत बसावे. उजव्या हाताने डाव्या खांद्याचा वरचा जाड स्नायू असा पकडावा की चार बोटे मागे आणि तळहाताचा उंचवटा पुढे येईल. तो किंचित उचलून दोन श्वास धरावा आणि हळूहळू सोडावा. मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकाकडे असे पाच-सहा टप्पे घ्यावेत. मानेच्या बुडाशी लागणारे मणक्याचे मोठे टोक आणि खांद्याचे हाडकी टोक यांच्या बरोबर मध्ये ‘ज्येनजिंग’ हा बिंदू आहे. त्यावर मधल्या बोटाने पाच-सहा श्वासांपर्यंत दाब ठेवावा. नंतर दोन्ही अंगठे कवटीच्या खालच्या कडेशी, मानेच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या खळग्यांत ठेवून वरच्या दिशेने दाबत लहान वर्तुळे काढावीत. हे ‘फेंगची’ होत. मानेच्या पुढच्या भागाला आणि नाडी लागते त्या बाजूला मुळीच दाबू नये. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळतच नसेल, तर मानेला हात न लावता हाताच्या मागच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांच्या किंचित मागे दोन हाडांमध्ये असलेला बिंदू दाबून धरावा आणि त्याच वेळी मान सोसेल तितकीच सावकाश दोन्हीकडे वळवत राहावे. आंगठा आणि तर्जनी यांच्यामधील मांसल भागातला ‘हेगू’ हा बिंदू डोके आणि चेहऱ्याच्या दुखण्यासाठी सांगितला जातो. चिनी वैद्यकात गरोदर स्त्रियांना हेगू आणि ज्येनजिंग दोन्ही निषिद्ध आहेत, आणि तो निषेध पाळावा.

कमरेसाठी उभे राहून तळहात एकमेकांवर घासून गरम करावेत आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवून वर-खाली जलद घासावे, त्वचेला चांगली ऊब येईपर्यंत. हाडांच्या रांगेवर नाही, तर तिच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हात चालला पाहिजे. मग कमरेवर हात ठेवून अंगठे मागे नेले की मणक्यापासून सुमारे दोन बोटे दूर, साधारण बेंबीच्या पातळीला ‘शेनशू’ सापडतात. त्यांवर मिनिटभर दाबत मळावे. ‘कंबर-पाठीसाठी वेइजोंग’ असा पाठांतराचा नियम चिनी विद्यार्थी शिकतात. हा वेइजोंग गुडघ्यामागच्या लवणीच्या मध्यावर आहे; तिथून मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जात असल्याने फक्त बोटाच्या पेराने अलगद दाबावे, आणि पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर सोडून द्यावे. नितंबातील खोल दुखण्यापर्यंत स्वतःचे बोट पोहोचत नाही, तिथे भिंत आणि नितंब यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून अंगाचा भार हळूहळू टाकावा.

गुडघ्यासाठी पाय पुढे लांब करून बसावे. वाटीच्या वर मांडीचा जो भाग येतो तो दोन्ही हातांनी पकडून, उचलून सोडत मांडीच्या मध्यापर्यंत जावे आणि परत यावे. गुडघेदुखीत लोक वाटीभोवती चोळत बसतात, पण ताठरलेला असतो तो हा स्नायू. मग वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना जे खळगे लागतात त्यांत अंगठा आणि मधले बोट ठेवून मिनिटभर मळावे. बाहेरच्या खळग्यापासून चार बोटे खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर ‘त्सुसानली’ आहे, त्यावर अंगठ्याने मिनिटभर दाब द्यावा. शेवटी तळहाताने गुडघ्याच्या दोन्ही बाजू गरम होईपर्यंत घासाव्यात. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी त्यानंतर गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी आधी कोपराने पाहून घ्यावे. मसाजने आलेला सैलपणा तासा-दोन तासांत ओसरू लागतो. तो असतानाच गुडघा सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायची, असे दहा वेळा करावे, कारण गुडघ्याच्या झिजेत दीर्घकाळ उपयोगी पडतो तो मांडीचा व्यायामच.